समोरच्या दारी हवापालट

"समोरची जागा मी भाड्याने घेतलीय. एक तारखेपासून मी तिकडे राहायला जाणार," आई म्हणाली आणि त्याच सुरात थोरल्याला म्हणाली, "भाजी घे अजून, संपवायचीय."

थोरल्याने आधी भाजी घेतली. मग त्याचा हात वाटीवरच थांबला.

"समोरची म्हणजे?"

"समोरची म्हणजे समोरची. आपलं दार उघडलं की जे दार दिसतं, ते."

"सामान ठेवायला?"

"मला ठेवायला."

महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी आईबाबांकडे जेवायचं, हा घरातला जुना नियम होता. थोरला आणि त्याची बायको त्याच इमारतीत दोन मजले खाली राहत. मुलीला सगळे अजून चिमीच म्हणत, आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून येई. नियम मोडायची कुणाची हिंमत नव्हती, कारण उरलेल्या सगळ्या दिवसांत थोरल्याची लेक शाळेतून थेट आजीकडेच यायची आणि फुकटची सोय कुणी स्वतःहून बिघडवत नाही.

"बाबा," थोरला वळला, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो. भाडेकरारावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे."

"आणि तुमचं काहीच म्हणणं नाही?"

बाबांनी घास गिळला. "भाजी चांगली झालीय," ते म्हणाले.

चिमी मघापासून पांढरीफटक पडली होती. लोकांचे मोडकळीला आलेले संसार सांधणं हा तिचा व्यवसाय. नवरा-बायको वेळ ठरवून तिच्याकडे येत, तिच्यासमोर भांडत आणि जाताना तिचे आभार मानत. तिची आई घर सोडून चालली होती. आणि चिमीच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "आई, पुढच्या महिन्यात माझा कार्यक्रम आहे!"

"मग? कर की."

"कर की काय? सभागृह घेतलंय मी. 'मैत्रीतून संसार.' तुम्ही दोघं व्यासपीठावर बसणार आहात, जाहिरातीत फोटो आहे तुमचा! लोकांना काय सांगू, फोटोतली बाई समोरच्या घरात गेली?"

"जवळच आहे म्हणावं."

"तुमचं भांडण झालंय का?"

"नाही," दोघंही एकदमच म्हणाले.

"मग कशासाठी?"

आईने हातातला चमचा खाली ठेवला. "मला तुमच्या बाबांना भेटायचंय."

"अगं, बाबा हे काय समोर बसलेत!"

"तेच तर. चोवीस तास समोर बसलेल्या माणसाला भेटायचं कसं?"

थोरल्याची बायको दातांची डॉक्टर. दुसऱ्याचं तोंड उघडं असताना आपलं मिटून ठेवायची तिला सवय होती, म्हणून ती मध्ये पडली नाही. पण जेवण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिने मान वर करून सासूकडे नीट पाहिलं.

*

चिमीने जाहिरातीत फोटो छापला होता तो उगाच नव्हे. आईबाबांचा संसार म्हणजे या घराण्यातली एकमेव गोष्ट, जी पाहुण्यांना विश्वासाने दाखवता येत होती.

दोघं एका कॉलेजात, एका वर्गात. हजेरीपटावर लागोपाठ क्रमांक, म्हणून प्रयोगशाळेत एकच टेबल. तो हुशार आणि धांदरट, ती हुशार आणि रागीट. पहिल्या वर्षी त्याने तिच्या नळीत भलतंच रसायन ओतलं, त्यावरून ती पंधरा दिवस बोलली नाही आणि सोळाव्या दिवसापासून जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. कॉलेजची सगळी वर्षं दोघं 'फक्त मित्र' होते. बाकीच्यांना ते पटत नव्हतं, पण या दोघांना मनापासून पटलेलं होतं. पुढे तो हवामानखात्यात लागला आणि ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत, म्हणून नातेवाईक त्यांना 'हवापाणी' म्हणायला लागले. लग्नाचं कुणी कुणाला विचारलं, हे आजतागायत ठरलेलं नाही. समोरच्यानेच विचारलं, अशी दोघांचीही खात्री आहे.

लग्नानंतरही ती त्याला 'अरे' म्हणायची. त्यावरून सासरी मोठा गहजब झाला होता. बाबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने, या लग्नाला मी येणार नाही असं जाहीर केलं होतं आणि ती शब्दाला जागलीही. लग्न होईपर्यंत ती बाहेर उभी राहिली आणि मग जेवायला आत आली.

आणि आता चिमी लिफ्टमध्ये भावाला म्हणत होती, "आत्याला बोलावू या."

"आत्याला?" थोरला दचकला. "मुंगी मारायला तोफ?"

"मुंगी वाटते तुला ही? आईबाबा वेगळे होताहेत, दादा."

थोरला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्या कंपनीत नेमकं काय तयार होतं हे आईला कधी कळलं नव्हतं, पण तो दिवसभर बैठका घेई एवढं तिला माहीत होतं. त्याने लगेच मुद्दे पाडले. "पहिला मुद्दा, इमारतीत काय बोलतील? दुसरा, लेकीला शाळेतून आल्यावर कोणत्या दारात सोडायचं? तिसरा..." तिसरा सुचेना, तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं.

"मला वाटतं," ती हळूच म्हणाली, "आईंचं काही चुकत नाहीये."

लिफ्ट थांबली. बहीणभाऊ बाहेर पडायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले.

"तू त्यांच्या बाजूने आहेस?"

"मी कुणाच्याच बाजूने नाही. पण बाबा निवृत्त झाल्यापासून काय चाललंय ते तुम्ही बघितलंय का? स्वयंपाकघरातले डबे त्यांनी अक्षरांप्रमाणे लावलेत. मीठ आणि मिरी शेजारीशेजारी, आणि साखर पार खालच्या फळीवर, कारण 'स' शेवटी येतो. आईंना चहा करायचा तर दर वेळी वाकावं लागतं. त्यात दूध गॅसवर चढलं की बाबा बाहेरून ओरडतात, 'तीन मिनिटांत उतू जाण्याची शक्यता!'"

"जातं का?" थोरल्याने विचारलं.

"नाही. त्यांचा एवढाही अंदाज बरोबर येत नाही."

"म्हणून कुणी घर सोडतं?" चिमी म्हणाली. "अशा वेळी संवाद साधायचा असतो."

"तोच तर चाललाय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत," सून म्हणाली आणि लिफ्टमधून उतरली.

*

आत्या पुढच्या रविवारी सकाळीच आली. बरोबर मोठी बॅग. दुपारी परत जायचंय म्हणणाऱ्या बाईला एवढी बॅग कशाला, हा प्रश्न फक्त सुनेला पडला.

बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. ही थोरल्याची व्यवस्था. आईला मधोमध बसवायचा त्याचा बेत होता, पण ती दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि मधली खुर्ची बाबांच्या वाट्याला आली.

"हे बघ," आत्याने सरळ सुरुवातच केली, "तुमचं लग्न होऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. आज ते मोडू नये म्हणून मीच आलेय. यातून काय ते समज."

"वन्सं, मोडत नाहीये कुणी काही. मी समोर राहायला जातेय."

"बाईमाणसाने घर सोडलं की मोडलंच. आमच्याकडे बघ. एका छपराखाली जन्म काढला आम्ही. ह्यांचं माझ्याशी पटलं का कधी? नाही. पण एक दिवस तरी वेगळी झाले?"

"बोलत होता का तुम्ही एकमेकांशी?"

"बोलायचा प्रश्न आलाच कुठे?" आत्या चकित होऊन म्हणाली. "दोघं एकाच घरात होतो ना!"

चिमीने घसा साफ केला. तिचा तो खास आवाज लागला. अर्ध्या किमतीत शांतता विकणारा आवाज, असं तिचा नवरा म्हणायचा. "आई, आपण सगळे इथे तुझ्यावरच्या प्रेमापोटी जमलोय. तुझ्या मनात जी पोकळी..."

"पोकळी नाहीये गं. जागाच नाहीये. तेच सांगतेय मी."

"पण नवरा-बायकोंनी वेगळ्या घरात राहणं म्हणजे..."

"तुझा नवरा कुठे राहतो?"

चिमी थांबली. "त्याची तिकडे नोकरी आहे."

"रात्रभराचा प्रवास आहे तिथपर्यंत. सणासुदीसारखा उगवतो. तो दुसऱ्या शहरात राहिला तर नोकरी आणि मी चार पावलांवर राहिले तर घटस्फोट?"

थोरल्याला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं, पण चिमीला दिसायचं ते दिसलंच. बहीणभावांची आठवडाभर टिकलेली युती त्या खोकल्यात संपली.

"हसतोस काय? तुला तर फक्त पोरगी सांभाळायला आई हवीय!"

"आणि तुला फोटोला हवीय!"

"थांबा," आत्याने हात वर केला. "उगाच डोकं पिकवू नका. तिला जायचंय ना? जाऊ दे खुशाल. मी येते इथे राहायला. माझ्या भावाला मी उपाशी मरू देणार नाही." आणि पायाने बॅग थोडी पुढे सरकवली.

खोलीतल्या सगळ्यांनी धास्तीने त्या बॅगेकडे पाहिलं.

बाबांना ठसका लागला. "ताई, मला स्वयंपाक येतो."

"तुला पाणी उकळता येतं. त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत."

थोरल्याच्या डोक्यात भराभर हिशेब झाला. आत्या इथे, म्हणजे आपल्या डोक्यावर, फक्त दोन मजल्यांवर. रोज संध्याकाळी ती खाली येणार. लेकीला आपण काय खायला घालतो, किती वाजता उठतो, बायको दवाखान्यातून कधी येते, सगळ्याची तपासणी होणार. आठ दिवसांपूर्वी याच तोफेला त्याने स्वतः फोन करून बोलावलं होतं. "नाही आत्या," तो घाईघाईने म्हणाला, "तुला कशाला त्रास? माझ्याकडे पर्याय आहे. आई इथेच राहील आणि समोरची जागा घेतलीच आहे, तर मी वापरतो. मला घरून काम करायला शांत खोली हवीच होती."

"तू?" चिमी उसळली. "शांत खोली कामासाठी कुणाला लागते, तुला की मला? माझ्याकडे लोक रडायला येतात, दादा! आणि समोरच्या दारात आईबाबा असले, तर मला नुसतं दार उघडून दाखवता येईल, बघा, असा संसार!"

"म्हणजे आम्ही प्रदर्शनात?" आई म्हणाली.

"त्या जागेत उजेड चांगला आहे का?" आत्याने मध्येच विचारलं. "असला तर मी तिकडेच राहीन म्हणते. म्हणजे कुणाच्या अध्यातमध्यात नको."

मग त्या जागेवर जे सुरू झालं, ते तासभर चाललं. खिडक्या कोणत्या बाजूला, नळाला पाणी कसं, कपाटं कुणाची. थोरला मोजमाप काढायला उठलाही. आईबाबांचा संसार वाचवायला जमलेल्या मंडळींत तो वाचवायची आठवण कुणालाच राहिली नाही. आईने दरम्यान चहा केला. खालच्या फळीवरून साखर घेताना तिच्या गुडघ्यातून आवाज आला. तो बाहेर ऐकू गेला नाही.

*

बाबा मधल्या खुर्चीवर चहाचा कप धरून बसले होते.

आयुष्यभर त्यांनी ढगांच्या हालचाली बघितल्या होत्या आणि त्यावरून उद्याचं सांगितलं होतं. घरात त्यांच्या अंदाजावर विसंबून कुणी कधी छत्री घेतली नव्हती, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. घरी आलं की ती विचारायची, "आज काय झालं?" मग ते सांगायचे. साहेबाचा वेडेपणा, नव्या पोराची फजिती, कँटीनमधलं भांडण. तीही सांगायची. कुठल्या भागातल्या पाण्याला वास आला, मग अधिकारी कसे तिच्यासमोर ते पाणी प्यायला नाही म्हणाले. ते दोघं हसत. कॉलेजच्या कट्ट्यावर बसल्यासारखं वाटे. निवृत्तीनंतर दिवसभर गप्पा मारू, असं त्यांनी ठरवलं होतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि तिने विचारलंच नाही. विचारणार तरी काय? जे झालं ते तिच्यासमोरच झालं होतं.

मग त्यांनी डबे लावायला घेतले.

समोरच्या जागेचं तिने सांगितलं, तेव्हा त्यांना खरं तर 'नको' म्हणायचं होतं. पण ते "वा, छान" म्हणाले. प्रयोगशाळेच्या टेबलापासूनची सवय ती. तिने काही ठरवलं की पहिलं त्यांना सांगायचं आणि त्यांनी "वा, छान" म्हणायचं. नोकरी, घर, मुलांच्या शाळा, सगळं असंच झालं होतं. मित्र म्हणून ते वाक्य तोंडातून गेलं. नवरा म्हणून जे वाटलं, ते बोलायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"बाबा," सून म्हणाली. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. "तुम्हाला काय वाटतं?"

गोंगाट सुरूच होता. बाबांनी कप खाली ठेवला.

"मला हे अजिबात आवडलेलं नाही," ते म्हणाले.

ते मोठ्याने बोलले नव्हते, तरी सगळ्यांनी वळून पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

"काय?"

"मला आवडलेलं नाही. तू तिकडे जाणं."

"मग सही कशाला केलीस?"

"तू पेन दिलंस म्हणून."

"अरे, पेन दिलं म्हणून माणूस कुठेही सही करतो?"

"तुझ्या हातातलं असलं की करतो."

आत्या मध्ये काहीतरी म्हणाली. दोघांनीही तिला न बघता "ताई, थांब," "वन्सं, थांबा," असं एकदम म्हटलं. आत्या खरोखर थांबली. या घराण्याच्या इतिहासात असं यापूर्वी झालेलं नव्हतं.

"महिनाभर जागा बघतेय मी," आईचा आवाज चढला. "तुला घेऊन बघायला गेले. तू नळ तपासलेस! खिडकीत उभा राहून वाऱ्याची दिशा सांगितलीस! तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"तुला आनंद झाला होता. मी काय बोलणार?"

"जे वाटतं ते!"

"आणि तू बोललीस? डब्यांचं तू सुनेशी बोललीस. माझ्याशी का नाही बोललीस?"

"कारण तू इतक्या प्रेमाने लावले होतेस! चिठ्ठ्या चिकटवल्या होत्यास त्यांना!"

"मग काढ म्हणायचं!"

"काढ!"

"काढतो!"

दोघं उभे होते. बाबांचे कान लाल झाले होते. मुलांनी त्यांना असं भांडताना कधी पाहिलं नव्हतं. चिमीने तर आईबाबा कधी भांडले नाहीत हे शेकडो जोडप्यांना सांगितलं होतं. तिने थोरल्याचा हात घट्ट धरला.

"इतक्या महिन्यांत तू मला एकही नवी गोष्ट सांगितलेली नाहीस," आई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "एकही नाही. दूधवाला आला की सांगतोस दूधवाला आला. अरे, दार मीच उघडते. तुझं जे काय होतं ते माझ्यासमोर होतं, माझं जे काय होतं ते तुझ्यासमोर. मला तुझ्याशी बोलायचंय आणि बोलायला काही उरलेलं नाही. मला ते सहन होत नाही."

"मग मी काय करू? सांगायला काहीतरी हवं म्हणून रस्त्यात पडून हातपाय मोडून घेऊ?"

"घे! पण मग घरी येऊन मला सांग!"

चिमी हसली आणि स्वतःच दचकली.

बाबा पुन्हा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तुला तिकडे बरं वाटलं तर?"

"म्हणजे?"

"तिकडे तुला बरं वाटलं. फारच बरं वाटलं. मग मी काय करू?"

आत्याने नजर खिडकीकडे वळवली. एका छपराखाली जन्म काढला, पण असलं काही तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

आई येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "वाटेल बरं," ती म्हणाली. "कसं वाटतं ते तुलाच येऊन सांगेन ना. दुसरं आहे कोण मला सांगायला?"

"म्हणजे जाणार तू?"

"जाणार."

बाबांनी मान डोलावली. "वा," ते म्हणाले. पुढचं 'छान' त्यांनी ओठांवरच अडवलं. "मला नाही आवडलेलं. पण कपाट उचलायला मी येईन. ही मुलं दाराला घासतील."

*

बैठकीत काहीच ठरलं नाही, असं थोरल्याचं मत पडलं. आत्याची बॅग तिच्याबरोबर परत गेली. पण ती रिकाम्या हाताने गेली असं कुणी समजू नये. चिमीचं घोडं अडलं होतं. सभागृह घेतलेलं, लोक येणार आणि व्यासपीठावर बसवायला आदर्श जोडपं नाही. शेवटी तिने आत्याला बसवलं. आत्या तासभर बोलली. जुळवून घेणं, गिळून टाकणं, एका छपराचं मोल. मृत नवऱ्याबद्दल तिने इतकं भरभरून सांगितलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. ज्यांना तो गृहस्थ माहीत होता, त्यांना तो ओळखूच आला नाही. आत्याला आता बाहेरगावाहून आमंत्रणं येतात.

आई एक तारखेला गेली. कपाट बाबांनीच नेलं आणि दाराला घासलंही त्यांनीच.

पहिल्या दिवशी बाबांनी समोरची बेल सकाळी वाजवली, दुपारी वाजवली आणि चहाच्या वेळेआधी पुन्हा वाजवली.

"काही सांगायचंय?" आईने दार अर्धवट उघडून विचारलं.

"नाही. सहज."

"मग उद्या ये."

दार बंद झालं. बाबा त्या बंद दाराकडे बघत उभे राहिले आणि त्यांना इतका राग आला की ते दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

आईला पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. साखर हाताशी होती. तिने हवं तेव्हा जेवण केलं, हवं तेव्हा केलं नाही. कुणी हवामान सांगितलं नाही. नात शाळेतून आली की आधी कोणतं दार वाजवायचं ते स्वतःच ठरवी आणि जिथे खाऊ चांगला तिथे राही. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पावलं वाजली. आईने हातातलं टाकलं आणि दाराच्या भिंगातून पाहिलं. बाबा बाहेर जायच्या कपड्यांत होते. बूट घातलेले, केस विंचरलेले. त्यांनी तिच्या दाराकडे वळूनही पाहिलं नाही. लिफ्टमध्ये शिरले आणि गेले.

कुठे गेले? निवृत्तीनंतर हा माणूस एकट्याने वाण्याकडेही गेला नव्हता. तिने फोन उचलला, मग ठेवला. सांगायला काही असलं तरच बोलायचं, हा नियम तिनेच केला होता. स्वतःच्या नियमात माणूस जसा अडकतो तसा दुसऱ्याच्या अडकत नाही. दुपार झाली. तिने पुस्तक उघडलं, एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं. ऊन कलायला लागल्यावर तिने सुनेला दवाखान्यात फोन केला.

"बाबा तुझ्याकडे आलेत का?"

"नाही. का हो?"

"काही नाही. सहज," आई म्हणाली आणि आपल्याच शब्दाने चपापली.

संध्याकाळी लिफ्टचं दार वाजलं, तेव्हा भिंगातून बघायलाही ती थांबली नाही. तिने सरळ दार उघडलं.

बाबा बेलपर्यंत हात नेऊन उभे होते. शर्ट चुरगळलेला, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि चेहऱ्यावर प्रयोगशाळेत नळी फुटल्यावर असायचा तसा भाव.

"मी अजून बेल वाजवली नाही," ते रागाने म्हणाले.

"मग वाजव."

त्यांनी उघड्या दाराशी उभं राहून बेल वाजवली. आईने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"काही सांगायचंय?"

"अगं," बाबांनी आवाज खाली आणला, "मला आज बागेतून हाकलून दिलं."

"कुणी?"

"म्हाताऱ्यांनी. तिथे पत्ते खेळतात झाडाखाली. चौथा भिडू आला नव्हता, मला बसवलं. आणि मी..." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी लबाडी केली."

"तू?"

"पान लपवलं. बाहीत."

हवामानखात्यात इतकी वर्षं काढून ज्याने घरी कधी कार्यालयाची पेन्सिलही आणली नाही, तो माणूस तिच्यासमोर उभा होता. आईने दाराची चौकट धरली. तिला हसू आवरेना. ती हसत हसत खालीच बसली, उंबऱ्यावर.

"हसू नकोस. फार गंभीर झालं ते. त्यात एक निवृत्त न्यायाधीश होते."

"कसा पकडला गेलास?"

"बाही हाफ होती."

सून त्या वेळी खालून वर येत होती. सासूच्या फोनमुळे ती काळजीत पडली होती. शेवटच्या वळणावर तिला दोघांचं हसणं ऐकू आलं आणि ती तिथूनच मागे वळली.

"उठ," बाबा म्हणाले, "गुडघे धरतील."

"आत ये. आणि पहिल्यापासून सांग. बागेत कसा शिरलास तिथपासून. न्यायाधीश दिसायला कसे होते?"

बाबा आत गेले, खुर्चीवर बसले, बूट काढले आणि सुरुवात केली. ते न्यायाधीशांच्या चष्म्यापर्यंत पोचले, तोच त्यांचा फोन वाजला. आत्याचा होता. मघापासून ती घरच्या फोनवर करत होती आणि तो कुणी उचलत नव्हतं.

"काय रे, आहेस कुठे? मिटलं का तुमचं?"

"ताई, नंतर बोलतो. मी घरी नाहीये."

"एवढ्या संध्याकाळी? कुठे गेलायस?"

बाबांनी आईकडे पाहिलं. ती चहाचं पाणी ठेवता ठेवता मागे वळली होती आणि हाताने खूण करत होती, लवकर, लवकर, पुढे काय झालं?

"मैत्रिणीकडे," बाबा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.